प्रद्युम्नचे चाहते खुळे नाहीत

एप्रिल २०२५ मध्ये सोनी वाहिनीने एसीपी प्रद्युम्नला जाहीर श्रद्धांजली वाहिली. नावापुढे जन्म-मृत्यूची लिहावीत तशी सालं होती, १९९८ ते २०२५. शिवाजी साटम सुखरूप होते. गेलं होतं ते ‘सीआयडी’तलं त्यांचं पात्र. बार्बोझा नावाच्या खलनायकाच्या बॉम्बस्फोटात त्याचा निकाल लावला होता आणि त्या खुर्चीवर पार्थ समथानचा तरुण एसीपी आयुष्मान बसणार होता. चाहत्यांनी वाहिनीला असं फैलावर घेतलं की विचारू नका. काही आठवड्यांतच प्रद्युम्न परतला.

तो परतला आणि शहाण्यांना कंठ फुटला. मोठी माणसं एका खोट्या पोलिसासाठी गळे काढतात, ही कसली अभिरुची, असा सूर लागला. नगरजवळच्या आमच्या भिंगारमध्येही तो लागला. एका निवृत्त प्राध्यापकांनी तर चहाच्या टपरीवर आम्हा चाहत्यांवर रीतसर आरोपपत्रच ठेवलं. कलमं चार. एक, या लोकांना नट आणि पात्र यांतला फरक कळत नाही. दोन, चांगले नट या मालिकेने साच्यात घालून वाया घालवले. तीन, गुन्हेकथा पाहायचीच तर हल्लीच्या वेबमालिका पाहाव्यात, ‘सीआयडी’ म्हणजे पोरखेळ. चार, अशा मालिकांमुळे पोलिसांविषयी आणि कायद्याविषयी भलत्याच समजुती पसरतात. सरांचा मान राखून सांगतो, पहिली तीन कलमं पुराव्याअभावी टिकत नाहीत. चौथ्यात तथ्य आहे, पण आरोपी चुकीचा पकडला आहे.

पहिलं कलम घेऊ. चाहत्यांना नट आणि पात्र वेगळं काढता येत नाही, असं म्हणणाऱ्याने चाहत्यांचं बोलणं कधी कान देऊन ऐकलेलं नाही. एप्रिलमध्ये टपरीवर काय चर्चा चालली होती? प्रद्युम्नचा आत्मा कुठे गेला, ही नाही. साटमांनी पत्रकारांना सांगितलं होतं की आपण सध्या सुट्टीवर आहोत, आपला भाग संपला असं आपल्याला कुणी कळवलेलं नाही आणि पुढचं काय ते निर्मात्यांना ठाऊक. त्यावरून टपरीने तर्क चालवला. नटाला काढला असता तर निरोपसमारंभ झाला असता, मुलाखती झाल्या असत्या. ज्या अर्थी नटच म्हणतो मला माहीत नाही, त्या अर्थी हा माणूस परत येणार. तर्क खरा ठरला. हे लोक नटाची सुट्टी, निर्मात्याची चाल, वाहिनीचं गणित आणि पात्राचा मृत्यू या चार गोष्टी चार खणांत ठेवून बोलत होते. पात्रालाच नट समजणारा माणूस असा तर्क करू शकेल का?

मग चिडले कशाला? कारण साधं आहे. लांबलेल्या मालिकेचा आणि प्रेक्षकाचा एक अलिखित करार असतो. तुम्ही आम्हाला दर आठवड्याला ही माणसं द्या, आम्ही तुम्हाला वेळ देतो. बदल करायचा तर तो गोष्टीतून आला पाहिजे. खुर्ची रिकामी करायची म्हणून माणूस उडवला, तर तो गोष्टीचा शेवट नाही, कार्यालयीन बदली आहे. या मालिकेतलं दुःख चाहत्यांनी आधी पचवलेलं आहे. प्रद्युम्नने स्वतःच्या गुन्हेगार मुलाला, नकुलला, गोळी घातली, तेव्हा कुणी निषेधाचे फलक घेऊन उभं राहिलं नव्हतं. तो आघात कथेतून उगवला होता.

वाचकांनी पात्राच्या मृत्यूवर रान उठवण्याचा प्रकार काही नगर जिल्ह्यात जन्मला नाही. डिसेंबर १८९३ मध्ये आर्थर कॉनन डॉईलने शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात ढकललं. ‘स्ट्रँड’ मासिकाच्या हजारो वाचकांनी वर्गणी बंद केली. डॉईलला होम्सचा कंटाळा आला होता, त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. तरी १९०१ मध्ये त्याने होम्सची एक जुनी केस काढली आणि १९०३ मध्ये त्याला सरळ जिवंतच केलं. लंडनच्या वाचकाने रान उठवलं की तो वाङ्मयाचा इतिहास. पाथर्डी रोडवरच्या प्रेक्षकाने उठवलं की तो खुळेपणा. सर, हा न्याय कुठल्या कोर्टातला?

शिवाय नट आणि पात्र वेगळं ठेवण्याचा धडा नगरकरांना कुणी शिकवावा, हेच हास्यास्पद आहे. सदाशिव अमरापूरकर इथलेच, १९५० चा जन्म नगरचा. १९८३ च्या ‘अर्धसत्य’मध्ये त्यांनी रामा शेट्टी उभा केला आणि फौजदार वेलणकर झालेल्या ओम पुरीसमोर आवाज न चढवता दहशत कशी बसवायची ते दाखवलं. ‘सडक’मधल्या त्यांच्या महाराणीने तर देशभरच्या प्रेक्षकांची झोप उडवली. त्याच काळात ते नगरच्या सामाजिक कामांत, कार्यकर्त्यांच्या बैठकांत, नाट्यस्पर्धांच्या वातावरणात वावरत होते. नगरच्या माणसाने रामा शेट्टीचा तिरस्कार केला आणि अमरापूरकरांवर जीव लावला, दोन्ही एकाच वेळी. त्यासाठी त्याला कुठल्या रसग्रहण शिबिराला जावं लागलं नाही.

त्याआधीचं उदाहरण हवं असेल तर शाहू मोडक. तेही नगरचेच, जन्म १९१८ चा. पडद्यावर त्यांनी कृष्ण रंगवला, ज्ञानेश्वर रंगवले, आणि प्रभातच्या १९३९ च्या ‘माणूस’मध्ये वेश्येच्या प्रेमात पडलेला पोलीस शिपाई गणपतही रंगवला. घरचा धर्म ख्रिस्ती. प्रेक्षकांनी हे सगळं जाणून त्यांच्यासमोर हात जोडले. म्हणजे हात जोडणाराही भोळाच असतो असं समजू नये. भूमिकेला हात जोडणं आणि नटाचं नाव-गाव ठाऊक असणं, या दोन गोष्टी आपल्याकडे किमान नव्वद वर्षं सुखाने एकत्र नांदत आल्या आहेत.

भिंगारचा प्रेक्षक तर त्याहून एक पायरी पुढचा. हे छावणीचं गाव. एका बाजूला आर्मर्ड कोअरचं केंद्र, दुसऱ्या बाजूला मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं. पंजाब, राजस्थान, तमिळनाडू, कुठली कुठली कुटुंबं इथे दोन-तीन वर्षांसाठी राहून गेली. एका हिंदी मालिकेने मराठी गावात बस्तान कसं बसवलं, याचं निम्मं उत्तर इथे आहे. शेजारच्या मराठी वहिनी आणि समोरच्या क्वार्टरमधली हरियाणाची भाभी यांना एकत्र बसून बघता येईल असं जे काही होतं, त्यात ‘सीआयडी’ वरच्या नंबरात होती. आणि या गावाला गणवेश म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सॅल्यूट ठोकताना हाताचा पंजा वळला की इथला निवृत्त सुभेदार टीव्हीसमोरून ओरडतो. पट्टा कसा, बूट कसे, वरिष्ठासमोर उभं कसं राहायचं, याची त्याची यादी तयार असते. प्रद्युम्नची माणसं साध्या कपड्यांत फिरतात म्हणून वाचली.

पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानात धावणारी एक मुलगी आमच्या टपरीवर येते. ‘सीआयडी’ची पक्की चाहती. तिला सरांनी विचारलं, “असलं बघून तू पोलीस होणार?” ती म्हणाली, “सर, आपल्या जिल्ह्यात एसीपी असतो तरी का? तो आयुक्तालय असेल तिथे. इथे एसपी साहेब, खाली डीवायएसपी. खून झाला तर पोलीस ठाणं आणि एलसीबी बघणार. राज्याच्या सीआयडीचं मुख्य ऑफिस पुण्याला. प्रद्युम्न सर भिंगारला आले, तर त्यांना आधी पत्रव्यवहार करावा लागेल.” टपरी हसली. सर हसले नाहीत. पण नट आणि पात्र, मालिका आणि पोलीस खातं, यांतलं अंतर त्या मुलीला सरांपेक्षा जास्त नेमकं माहीत होतं. ते तिने मालिका सोडून मिळवलेलं नाही. मालिका बघता बघता, खोटं कुठे आहे ते हेरत मिळवलं आहे. चाहत्याचं निम्मं सुख याच हेरण्यात असतं. मालिकेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉक्टर साळुंखे यांचा केसांचा टोप, प्रयोगशाळेतली रंगीबेरंगी द्रावणं, पाच मिनिटांत लागणारा अहवाल, या सगळ्याची टर आधी चाहत्यांनी उडवली. नंतर ती शहाण्यांनी उसनी घेतली आणि आमच्याच अंगावर फेकली.

आता दुसरं कलम. चांगले नट साच्यात वाया गेले. हे म्हणणं ऐकायला नटांच्या बाजूचं वाटतं, प्रत्यक्षात त्यात नटाच्या कामाविषयीचं अज्ञान आहे. साटम बँकेत नोकरी करत करत रंगभूमीवर आले. दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेपासून ते आणि दिग्दर्शक बी. पी. सिंग पोलीस तपासाच्या गोष्टी एकत्र करत होते. म्हणजे २१ जानेवारी १९९८ ला ‘सीआयडी’ सुरू झाली तेव्हा या जोडीची उमेदवारी मराठीतच झालेली होती. आणि प्रद्युम्नने साटमांना गिळलं म्हणता, तर मग ‘वास्तव’मधला रघूचा हताश बाप कुणी केला? ‘उत्तरायण’मध्ये उतारवयात जुन्या ओळखीला नव्याने सामोरा जाणारा माणूस कुणी केला? ‘दे धक्का’मधला आजोबा कुणी केला? तिन्ही ठिकाणी एसीपी कुठे दिसला ते दाखवून द्या.

प्रद्युम्नच्या पथकातला अभिजित करणारे आदित्य श्रीवास्तव घ्या. ‘सीआयडी’ सुरू झाली त्याच १९९८ साली रामगोपाल वर्माच्या ‘सत्या’मध्ये ते इन्स्पेक्टर खांडिलकर होते. अनुराग कश्यपच्या ‘ब्लॅक फ्रायडे’मध्ये तेच बादशाह खान, म्हणजे पोलिसांपासून पळून पळून थकलेला आरोपी. ‘गुलाल’मध्येही ते आहेत. ज्या चित्रपटांची नावं घेताना समीक्षकांचा आवाज आदराने खाली येतो, त्यांत हा माणूस आहे. तोच माणूस दर आठवड्याला आमच्या घरी येऊन संशयिताच्या टेबलावर हात टेकतो. यात वाया गेलं कोण?

आणि एकच भूमिका वर्षानुवर्षं करणं हा दोष असेल, तर मराठी रंगभूमीचा निम्मा इतिहास पुसून टाका. प्रभाकर पणशीकरांनी ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे दोन हजारांहून अधिक प्रयोगांत केला. अत्र्यांचं ते नाटकही गुन्ह्याचं आणि कोर्टाचं, एका खऱ्या भामट्याच्या खटल्यावरून सुचलेलं. आपण पणशीकर साच्यात अडकले म्हणालो का? आपण विक्रम म्हणालो, अभिमानाने सांगितला, मुलांना नाटकाला घेऊन गेलो. मग साटमांनी वीस वर्षं आणि पंधराशेवर भाग एक माणूस तोलून धरला, तर त्याला वाया जाणं कोणत्या हिशोबाने म्हणायचं? पणशीकरांच्या प्रयोगाला तिकीट होतं आणि साटमांचा प्रयोग केबलवर फुकट होता, एवढाच फरक दिसतो.

एकच हालचाल जवळून पाहू. मृतदेह पडला आहे, बाकीची माणसं खोली चाळताहेत. साटम मात्र कशालाच हात लावत नाहीत. नजर खाली, मान किंचित तिरकी. उजवा हात छातीच्या उंचीवर येतो, बोटं अर्धी मिटलेली, आणि मनगटातून हात फिरतो, होल्डरमधला बल्ब सैल करावा तसा. मग ते प्रसिद्ध वाक्य, ‘कुछ तो गडबड है.’ नकला करणारे सगळे इथे चुकतात. ते वाक्य जोरात म्हणतात आणि हात वाक्याबरोबर फिरवतात. साटमांचा हात बहुधा वाक्याच्या आधी सुरू होतो आणि वाक्य बऱ्याचदा स्वतःशीच पुटपुटल्यासारखं येतं. विचार आधी हातात उतरतो, जिभेवर नंतर. वाक्य तेच, पण सहकाऱ्याला सुचवायचं असेल तर एक सूर, संशयित ऐकतो आहे हे ठाऊक असेल तर दुसरा. हे फरक भिंगारच्या गृहिणींनी टिपलेले आहेत. त्यांना कुणी समीक्षक म्हणत नाही, कारण त्या स्वयंपाक करता करता बोलतात.

तालमीचा हिशोबही मांडू. २००४ मध्ये या मंडळींनी १११ मिनिटांचा एक भाग मध्ये कुठेही कट न करता, एका सलग शॉटमध्ये चित्रित केला. त्याची गिनेस बुकात नोंद झाली. अशा शॉटमध्ये शंभराव्या मिनिटाला एक जण अडखळला तर पहिल्या मिनिटापासून सुरुवात. कॅमेरावाला, आवाज पकडणारा, दिवे सांभाळणारा, सगळ्यांनी नटांबरोबर पावलं टाकायची. हे नाटकाच्या कंपनीचंच काम आहे, आणि नाटकाची शिस्त अंगात नसलेल्यांना ते झेपत नाही. ज्यांना ‘सीआयडी’ म्हणजे फक्त पथकातल्या दयाने तोडलेला दरवाजा आठवतो, त्यांनी आधी तो भाग बघावा, मग नटांच्या वाया जाण्यावर अश्रू ढाळावेत.

मालिकेतला फ्रेडरिक्स ऊर्फ फ्रेडी करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले, तेव्हाही ‘फ्रेडी गेला’ असंच लोक म्हणाले. सर त्यालाही अज्ञान म्हणतील. मला त्यात पावती दिसते. बायकोला घाबरणारा, भुताच्या नावाने गारठणारा, चुकीच्या वेळी चुकीचा विनोद करणारा फ्रेडरिक्स लिहायला सोपा आणि वीस वर्षं ताजा ठेवायला महाकठीण. प्रेतांनी भरलेल्या मालिकेत हसू टिकवणं हे त्या माणसाचं काम होतं. बातमी ऐकून लोकांनी आधी पात्राचं नाव घेतलं आणि पुढच्याच वाक्यात फडणीसांचं. त्या दोन वाक्यांतलं अंतर कापायला त्यांनी आपली सगळी हयात खर्ची घातली होती.

तिसरं कलम नव्या वेबमालिकांचं. सरांनी ‘मानवत मर्डर्स’चं नाव घेतलं. नाव चांगलं निवडलं, कारण मालिका चांगली आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झालेलं हत्यासत्र, रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याने केलेला त्याचा तपास, त्यांच्याच पुस्तकावरून रचलेली कथा, आशिष बेंडे यांचं दिग्दर्शन. मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर यांची आपापली ठरीव प्रतिमा मोडणारी कामं. २०२४ मध्ये आली, आम्ही चाहत्यांनी ती एका दमात पाहिली आणि टपरीवर पुरवून पुरवून वापरली. अनासपुरेंच्या डोळ्यांतलं हसू कुठे गेलं यावर एक संध्याकाळ गेली, मराठवाडी बोलण्यावर दुसरी.

पण सर एक गोष्ट विसरले. त्या मालिकेत रमाकांत कुलकर्णी झालेले आशुतोष गोवारीकर हे ‘सीआयडी’च्या अगदी सुरुवातीच्या भागांतले इन्स्पेक्टर वीरेंद्र. ‘लगान’ व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. प्रद्युम्नच्या हाताखाली तपास करणारा तो तरुण पंचवीस-सव्वीस वर्षांनी स्वतः तपासप्रमुख होऊन मानवतला उतरला, हे आमच्या टपरीने पहिल्या भागालाच ओळखलं. जे लोक दोन मालिका एकमेकींसमोर उभ्या करून एकीला पोरखेळ म्हणतात, त्यांना या दोघींचं गोत्र ठाऊक नाही. चाहत्यांना आहे.

आणि या दोन प्रकारांची तुलनाच मुळात फसवी आहे. एकीला एक गुन्हा, आठ भाग, एक सुरुवात आणि एक शेवट. तिने खोल जायचं. दुसरीला दर आठवड्याला नवा मुडदा आणि तीच माणसं. तिने टिकायचं. पहिलीत आपण गुन्ह्याकडे बघतो, दुसरीत तपास करणाऱ्यांच्या एकमेकांशी वागण्याकडे. साळुंखे आणि प्रद्युम्न प्रयोगशाळेत एकमेकांना टोचून बोलतात तेव्हा आमचं लक्ष अहवालाकडे नसतं. दोन म्हातारे मित्र मैत्री कशी लपवतात, याकडे असतं. दया आणि अभिजित यांच्यातला दुरावा हा २०२४ च्या डिसेंबरात परत आलेल्या नव्या सत्राचा पहिला मसाला होता, तोही याच भरवशावर. खून कुणी केला हे पुढच्या आठवड्यात कुणाला आठवत नाही. ही माणसं आठवतात.

गुन्हेकथेला हलकं समजण्याची खोड मराठीत जुनी आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांनी अख्ख्या पिढीला वाचनाची चटक लावली. शाळेत मात्र ती पुस्तकं भूगोलाच्या वहीआड वाचावी लागत. साहित्याच्या दिवाणखान्यात अर्नाळकरांना कोपऱ्यातलं स्टूल मिळालं. सरांना इथे त्यांच्याच पेशातला साक्षीदार देतो. मधुकर तोरडमल नगरच्या अहमदनगर कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे ते रंगभूमीवर गेले, ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’मधला प्राध्यापक बारवे हजारो प्रयोगांत केला, आणि त्याच माणसाने अगाथा ख्रिस्तीच्या कितीतरी कादंबऱ्या मराठीत आणल्या. शेक्सपिअर शिकवलेल्या हाताला खुनाची गोष्ट लिहायची लाज वाटली नाही. ती लाज नेमकी कुणाला वाटते आणि कशासाठी, याचा विचार आरोपपत्र लिहिणाऱ्यांनी करावा.

आता चौथं कलम, आणि इथे मी आवाज खाली आणतो. ‘सीआयडी’त एसीपी संशयिताच्या थोबाडीत देतो आणि तो घडाघडा कबूल होतो. भागाची शेवटची पाच मिनिटं बऱ्याचदा याच थपडेवर चालतात. हे वाईट आहे. दरवाजा तोडण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे. दरवाजाला कुणी खरं मानत नाही. खरा पोलीस दोन पंच शोधतो, पंचनामा करतो, कुलूप उघडायला माणूस बोलावतो, हे भिंगार कॅम्प ठाण्याच्या आसपास राहणाऱ्या पोराला ठाऊक आहे. थप्पड मात्र लोक खरी मानतात, कारण ती लोकांना हवी असते.

कायदा काय म्हणतो? पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांच्या काळच्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ आहे. म्हणजे प्रद्युम्नच्या थपडेने मिळालेली कबुली कोर्टाच्या पायरीवरच गळून पडेल. त्याच दिवशी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत मात्र सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आली. गंमत बघा, ज्या साळुंखेला लोक हसले त्याच्या बाजूने कायदा सरकला, आणि ज्या थपडेला लोकांनी टाळ्या दिल्या तिला कायद्याने तेव्हाही थारा दिला नव्हता, आताही दिला नाही.

हा जिल्हा हे जाणतो, किंवा जाणायला हवा. २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एका दलित शाळकरी मुलाची हत्या झाली. २०१७ मध्ये साक्षीदार फितूर झाल्यावर खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. तिथे कुणाच्या थोबाडीत मारून काही साधलं नसतं. तिथे लागला असता तो साक्षीदाराला उभं राहायचा धीर, त्याला संरक्षण, आणि साक्षीवाचूनही उभा राहील असा भक्कम पुरावा. ‘सीआयडी’च्या पंधराशेवर भागांत साक्षीदार कोर्टात फिरतो आणि तपास करणारा हताश होऊन जिना उतरतो, असं चित्र कितीदा आलं? मालिका बहुधा कोर्टाच्या दारातच थांबते. ही तिची खरी उणीव आहे, आणि टोपावर हसणाऱ्यांच्या नजरेला ती कधी पडलेली नाही.

पण या उणिवेचा बोजा चाहत्यांच्या डोक्यावर टाकू नका. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ‘सिंघम’सारख्या चित्रपटांतून जाणाऱ्या धोकादायक संदेशाबद्दल जाहीरपणे बोलून दाखवलं. कायद्याची वाट सोडून झटपट न्याय करणारा पोलीस हे आपल्या मोठ्या पडद्याचं आवडतं दैवत आहे. त्याला तिकीटबारीवर शंभर शंभर कोटी वाहणारे सगळेच काही ‘सीआयडी’चे चाहते नाहीत. ‘सिंघम रिटर्न्स’ने तर आमचा दयाच उचलून नेला, दरवाजासकट. त्या चित्रपटांना शिट्टी वाजवायची आणि टीव्हीसमोर बसलेल्या गृहिणीला मात्र कायद्याचं भान शिकवायचं, हा दुटप्पीपणा झाला. अनेक कुटुंबांनी खऱ्या न्यायाची वाट इतकी वर्षं पाहिली आहे की तासाभरात लागणारा निकाल त्यांना स्वप्न म्हणून हवासा वाटतो. स्वप्न बघणाऱ्याला दरडावून न्यायव्यवस्था सुधारत नसते.

आणि चाहत्यांना कायद्याचं भान नाही, हेही खरं नाही. भरतीचा अभ्यास करणाऱ्या त्या मुलीने कलम २३ मला पाठ म्हणून दाखवलं. वर म्हणाली, “हे थप्पड मारणं बंद केलं तर मालिका जास्त अवघड होईल, मग बघायला मजा येईल. पुरावा शोधावा लागेल ना!” नाट्यलेखनावरचं याहून नेमकं मत मी सभागृहात फार वेळा ऐकलेलं नाही. थप्पड ही कायद्यापेक्षाही आधी कथेची चोरी आहे. लेखकाला पुरावा रचायचा कंटाळा आला की एसीपीचा हात उठतो.

म्हणून सरांना, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना, एक सरळ प्रस्ताव आहे. एप्रिल २०२५ मध्ये चाहत्यांनी दाखवून दिलं की ते एकजुटीने बोलले तर वाहिनीला मेलेला माणूस परत आणावा लागतो. एवढी ताकद तुमच्या अग्रलेखांत आणि परिसंवादांत नाही. ती आमच्यात आहे, आणि ती टिंगल करण्याजोगी नसून वापरण्याजोगी आहे. दहा भाग सलग बघा, नटांची नावं शिका, मग टपरीवर या. आमची चूक दाखवा, आम्ही वाद घालू, चहा आमच्याकडून. आणि निर्मात्यांना पत्र लिहायचं तर ते एकत्रच लिहू. मजकूर फार लांब नको. दरवाजे हवे तेवढे तोडा, आमची हरकत नाही. थोबाडीत मारणं तेवढं बंद करा आणि पुरावा आणा.